आमची स्पोर्ट्‌स कार

आमच्याकडे स्पोर्ट्‌स कार आहे, हे मी जालन्यात कुणालाही बिनदिक्कत सांगू शकतो. माझा पगार ज्यांना ठाऊक आहे त्या आमच्या शाखेतल्या मंडळींनासुद्धा सांगू शकतो; कारण हे नाव त्यांनीच ठेवले आहे. हिवाळ्यात संध्याकाळी बँक सुटली की आमची गाडी सुरू व्हायला नकार देते. मग कॅशिअर, दोन शिपाई आणि कर्जाचा अर्ज घेऊन आलेला एखादा गरजू माणूस असे चौघे तिला ढकलत गांधी चमनच्या दिशेने नेतात. (अर्ज मंजूर होईपर्यंत माणूस काहीही ढकलायला तयार असतो.) एकदा कॅशिअर धापा टाकत म्हणाले, "तुमच्या गाडीत बसायचं म्हणजे खेळाडूच पाहिजे हो!" त्या दिवसापासून ती स्पोर्ट्‌स कार.

खरे म्हणजे ती १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. आधी ह्या गाडीला फियाट म्हणत, १९७४ पासून पद्मिनी म्हणू लागले; पण जालन्यात तिला अजूनही फियाटच म्हणतात. सासरचे नाव कितीही चांगले असले तरी माहेरचे नाव जात नाही, त्यातला प्रकार.

पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या मुलाने मात्र सुट्टीत येऊन एक नवीनच माहिती दिली. इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर सिसितालिया नावाची एक देखणी स्पोर्ट्‌स कार निघाली. ती इतकी देखणी, की १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ज्या आठ मोटारी कलाकृती म्हणून मांडल्या, त्यांत ही होती. आणि तिच्यात एंजिन होते फियाट अकराशेचे, १०८९ सीसीचे. आमच्या पद्मिनीचे एंजिनही १०८९ सीसीचेच. म्हणजे आमची गाडी नात्याने स्पोर्ट्‌स कारची चुलत बहीण लागते. एक बहीण न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये आणि दुसरी जालन्याच्या मामा चौकात, असे घराघरांतून चालायचेच. मी ही माहिती कॅशिअरना सांगितली. ते म्हणाले, "मग हिलाही म्युझियमला देऊन टाका. आमच्या पाठीला आराम."

ही गाडी अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. १९९६ साली त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून एका बियाण्याच्या व्यापाऱ्याकडून ती साठ हजारांना घेतली. तेव्हापासून आमच्या घरात ती आईखालोखाल मानाची. तिच्यात एकच खोड. पावसाळ्यात ती गळे. दारांची रबरे जालन्याच्या उन्हाने चामड्यासारखी कडक होऊन भेगाळली होती. कुठे रबर नव्हतेच, रबराची आठवण होती. बाजूच्या चकचकीत पट्ट्या अर्ध्या निघून गेल्या होत्या, उरलेल्या अर्ध्या वाऱ्याने टाळ वाजवल्यासारख्या वाजत. आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचे नाही. गाडीत मात्र मृग लागला की रोज यायचे.

पण "गळते" हा शब्द अण्णांपुढे काढायची सोय नव्हती.

"गळत नाही, पाझरते. गळणं वेगळं, पाझरणं वेगळं. विहीर पाझरते म्हणून कोणी विहीर विकतं का?"

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ह्यावर उत्तर सुचत नाही. त्यातून अण्णांना लांबीचा फार विश्वास. कुठेही भोक दिसले की ते लांबीचा गोळा मळून त्यात भरत. "डाव्या दाराचं पाझरणं मी लांबीनं कसं थांबवलं" हे तर ते येणाऱ्या पाहुण्यांना हमखास सांगत. हा किस्सा २००६ सालचा. पुढे पाच-सात वर्षांनी ते दार पुन्हा पाझरू लागले, तेव्हा अण्णा म्हणाले, "लांबी आता पूर्वीसारखी येत नाही."

गोष्ट विकोपाला गेली ती २०२४ च्या मे महिन्यात. भाचीच्या लग्नाला अंबडला निघालो आणि वाटेत अवकाळी पाऊस लागला. समोरच्या काचेच्या रबरातून एक थेंब आला, गंज घेऊन आला, आणि सौ.च्या पैठणीवर पदराच्या मोराच्या डोळ्यात पडला. लग्नभर ती गप्प होती. बायको भांडते तेव्हा नवऱ्याने घाबरू नये. गप्प बसते तेव्हा घाबरावे. रात्री घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, येत्या पावसात ह्या गाडीत माझ्या अंगावर एक थेंब जरी पडला, तर दुसऱ्या दिवशी गाडी एमआयडीसीत."

बाहेरगावच्या वाचकाला ह्या वाक्याची दाहकता कळणार नाही. "जालना, सोने का पालना" ही म्हण जुनी. आता जालना म्हणजे स्टील. आमच्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. सौ.च्या म्हणण्याचा अर्थ असा, की ज्या गाडीत बसून मी कॉलेजला गेलो, बोहल्यावर गेलो, ती कुणाच्या तरी स्लॅबमध्ये कायमची जाऊन बसणार. नाव पद्मिनी असले म्हणून काय झाले, अग्नीत जायलाच पाहिजे असे थोडेच आहे?

मी कॉमर्सचा पदवीधर. मी हिशेब मांडला. मोटारीवर घटत्या शिलकेच्या पद्धतीने दर साल पंधरा टक्के घसारा धरतात. साठ हजारांवर अठ्ठावीस वर्षे घसारा लावला की गाडीची पुस्तकी किंमत उरते ६३४ रुपये. "बघ, अजून शिल्लक आहे," मी म्हणालो.

"भंगारवाला उक्ते सव्वीस हजार देतोय," सौ. म्हणाली. "सहाशे चौतीस रुपयांची वस्तू सव्वीस हजारांना जाते. आणखी कुठला धंदा हवा तुम्हाला?"

तिने कॉमर्स घेतले नाही ही बँकिंग क्षेत्राची हानी आहे.

त्यातून गाडीचे पासिंगही त्याच वर्षी आलेले. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्याची फी पूर्वी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली होती. म्हणजे पुस्तकी किमतीच्या जवळजवळ आठपट फी! पण अण्णा ऐंशी वर्षांचे. रोज संध्याकाळी ते गाडीत डाव्या बाजूला जाऊन पाव तास बसतात. गाडी उभीच असते. ते बसतात आणि उतरून येतात. मी ठरवले, रबर आणि पट्ट्या सगळ्या नव्या टाकायच्या.

जालन्यात चौकशी केली. ज्या गावात लोखंड टनावारी वितळते, त्या गावात दोन बोटांची पट्टीची क्लिप मिळेना. दुकानदार म्हणे, "कुठल्या गाडीची?" मी नाव सांगितले की तो माझ्याकडे आधी करुणेने आणि मग गल्ल्याकडे पाही. शेवटी सौ.चा शिवणाचा टेप घेऊन मी मापे काढली आणि पे-इन स्लिपच्या मागे लिहिली : चार दारे, तेरा मीटर, डिकी, साडेतीन मीटर, क्लिपा, बावीस. दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि कुर्ल्याला गेलो. अर्जावर कारण लिहिले, "कौटुंबिक." खोटे नव्हते.

कुर्ल्याचा सीएसटी रोड हे जुन्या गाड्यांचे गयाक्षेत्र आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची, तेव्हा ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून उतरली. मी गेलो तेव्हा ह्या गोष्टीला सात महिने झाले होते. एका दुकानात आढ्याला पट्ट्या टांगल्या होत्या. समोरच्या काचेची जी पट्टी मला मिळाली, तिच्या वरच्या कडेला टपाचा पिवळा रंग अजून चिकटलेला होता. कुणाची टॅक्सी, कुणाकुणाला घेऊन हिंडली असेल, देव जाणे. मी तो रंग खरवडला नाही.

दाराचे रबर मीटरवर मिळते, परकराच्या कापडासारखे. आत पोकळ नळी आणि बाजूला चिकटवायची पट्टी. दार लागले की नळी दबते आणि फट बंद होते. सगळी विद्या एवढीच. दुकानदाराने बजावले, "एक मीटर ज्यादा लो. घटता है." मी सतरा मीटरांची मोठी वेटोळी केली आणि देवगिरी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर उशाशी घेऊन झोपलो.

मनमाड सोडल्यावर, रात्री अडीचच्या सुमारास, वेटोळ्याची दोरी सुटली. रबराला स्वभावतः सरळ व्हायची ओढ असते. ते अंधारात हळूहळू उलगडत खालच्या बर्थवरच्या गृहस्थांच्या मानेवर उतरले. काळे, थंड, बोटाएवढे जाड. त्यांनी जी आरोळी ठोकली, तिने अख्खा डबा जागा झाला. "साप! साप!" कुणी चप्पल उगारली, कुणी हनुमंताचे नाव घेतले. दिवा लागला तेव्हा मी वरून रबर ओढत होतो आणि ते गृहस्थ खालून ओरडत होते. मी म्हणालो, "घाबरू नका, फियाटचं रबर आहे." ते म्हणाले, "अहो, माझ्याकडेही होती फियाट! गळायची का तुमचीही?" मग जालना येईपर्यंत त्यांनी मला झोपू दिले नाही.

गाडीचे काम करायला कादराबादेतले चाचा आले. चाचांनी आयुष्यभर फियाटच दुरुस्त केल्या. ते गाडीला आधी सलाम करतात, मग मालकाला. अण्णा अंगणात खुर्ची टाकून देखरेखीला बसले.

जुने रबर काढायचे काम वाटते तेवढे सोपे नाही. ते निघताना तुकड्या-तुकड्याने निघते आणि खाली चिकटलेले सोल्युशन पेट्रोलच्या फडक्याने घासघासून काढावे लागते. त्याखाली गंज. मग पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइडचा हात. हे केले नाही तर नवे रबर पहिल्याच उन्हात खाली लोंबते. चाचांनी उजवे दार उघडझाप करून पाहिले आणि कान लावला. आत खळ्‌ खळ्‌ असा आवाज आला.

"साब, दरवाजे में तालाब है."

मी चकितच झालो. मग चाचांनी शिकवले. काच वरखाली होते तिथल्या फटीतून थोडे पाणी दाराच्या पोटात जायचेच. म्हणून कारखान्यानेच दाराच्या तळाला भोके ठेवलेली असतात. पाणी वरून येते, खालून जाते. अण्णांनी ती चारही दारांची भोके लांबीने बुजवली होती.

"पानी कू आने से कोई नहीं रोक सकता, साब. जाने का रस्ता रखना," चाचा म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हरने लांबी फोडली. उजव्या दारातून गढूळ पाण्याची धार लागली. अण्णा आभाळाकडे बघत होते.

समोरच्या काचेचे काम तर पाहत राहावे असे. आधी रबर काचेभोवती बसवले. मग लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओवावी तशी रबराच्या बाहेरच्या खाचेत सुतळी ओवली, तिची दोन्ही टोके गाडीच्या आत सोडली आणि सगळीकडे साबणाचे पाणी लावले. मी बाहेरून काच दाबून धरली. चाचा आत बसून सुतळी हळूहळू ओढू लागले. जसजशी सुतळी निघे तसतशी रबराची कड पत्र्यावर उलटून चढे. अर्ध्या तासात काच जागेवर. मग पिवळ्या रंगाची ती पट्टी. क्लिपा एकवीस बसल्या, बाविसावी अंगणात उडाली ती अजून सापडायची आहे.

शेवटी डावे दार राहिले. चाचांनी वरच्या कोपऱ्यातले जुने रबर ओढले तर त्याच्या मागून एक काळी गुंडाळी बाहेर आली. "चिंदी है," म्हणून ते फेकणार, तेवढ्यात मला तिची एक कड दिसली. वरून ग्रीस आणि धूळ, पण आत घडीत रंग टिकला होता. इरकलीचा काठ. आईच्या लुगड्याचा.

आई २०११ साली गेली. गाडीत तिची जागा डावीकडची. मी ती गुंडाळी अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडली, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"हे तिनं कधी घातलं?" ते म्हणाले.

कुणीच बोलले नाही. अण्णा थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे माझी लांबी..."

अठरा वर्षे ते पाहुण्यांना लांबीचा किस्सा सांगत होते. त्यातली पाच वर्षे आई शेजारी बसून ऐकत होती आणि पाहुण्यांना पोहे वाढत होती.

"मिस्त्री, हे परत आत घालता येईल का?"

चाचा अडखळले. "साब, चिंदी पानी पीती है. रबर के नीचे रखे तो इधर से टपकेगा."

"टपकू द्या," अण्णा म्हणाले.

आता माझी अवस्था पाहा. ज्या एका थेंबावर गाडीचे जीवन-मरण, तो थेंब माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या खर्चाने, सौ.च्या डोक्यावर बरोबर एक वीत उंचीवर बसवला जात होता. तेरा मीटर रबर लावून जे मिळवले ते पाऊण वीत चिंधीने जाणार होते. पण "नको" म्हणायला तोंड उघडेना. चाचांनी चिंधी झटकली, तिची बारीक घडी केली आणि जिथे होती तिथेच ठेवून वरून नवे रबर चिकटवले. रबराचा जोड मात्र त्यांनी कटाक्षाने खाली घेतला. वर घेतला तर तिथूनही पाणी येते.

काम झाले आणि दारे लागेनात. नवे रबर दबत नाही, आणि आतली हवा बाहेर जायला फट उरत नाही. मी चार वेळा आपटले. चाचा म्हणाले, "रबर जवान है, दरवाजा बुड्ढा है. हौले हौले जमेगी दोनों की. तब तक काच थोड़ी खुली रख के दरवाजा लगाना." समोरची तिकोनी काच उघडली, तेव्हा दार धप्पदिशी लागले.

आषाढातल्या एका रविवारी आम्ही राजूरच्या गणपतीला निघालो. मागे अण्णा, पुढे डावीकडे सौ. गाव सुटले तशी मला चुकल्यासारखे होऊ लागले. पट्ट्यांचे टाळ बंद, वाऱ्याची शीळ बंद. गाडीत आपण आहोत की बँकेच्या स्ट्राँगरूममध्ये आहोत, कळेना. अण्णा मागून म्हणाले, "एंजिन चालू आहे ना रे?"

अर्ध्या वाटेवर पावसाने गाठले. असा पाऊस, की वायपर दमले. समोरची काच कोरडी. उजवे दार कोरडे. मागे अण्णांच्या पायाशी कोरडे. सौ. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून छताकडे बघत होती, परीक्षेच्या हॉलमध्ये फिरणाऱ्या सुपरवायझरसारखी. आणि मला डाव्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात तो दिसला. आधी नुसती ओल. मग टिपूस. मग टपोरा. मी रस्त्याकडे बघत होतो असे मला वाटते. गाडी सुखरूप पोहोचली, म्हणजे बघत असेन.

थेंब पडला. तिच्या खांद्यावर.

सौ.ने खांद्याकडे पाहिले. मग कोपऱ्याकडे. मी श्वास रोखला. चिंधीची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. पण आमच्या घरात फक्त बँकेची गुपिते गुपित राहतात, आणि चाचांना चहा तिनेच नेऊन दिला होता.

"सूनबाई, गळतंय का गं?" अण्णांनी मागून विचारले.

तिने पदराच्या टोकाने खांदा पुसला आणि पर्स कोपऱ्याखाली सरकवून धरली.

"नाही अण्णा. एक थेंब नाही."

"मी म्हणत नव्हतो? गाडी चांगलीच आहे," अण्णा म्हणाले आणि राजूर येईपर्यंत शांत झोपले.

पासिंग झाले. नोंदणी आता २०२९ पर्यंत आहे. तोपर्यंत पुस्तकी किंमत २८१ रुपये होईल. घटत्या शिलकेच्या पद्धतीची गंमत अशी, की कितीही वर्षे घसारा लावा, बाकी शून्य कधी होत नाही. बी.कॉम.ला हे मला प्राध्यापकांनी दोनदा समजावले होते. समजले ते त्या रविवारी.

सोमवारी बँक सुटल्यावर गाडी नेहमीप्रमाणे सुरू झाली नाही. ढकलता ढकलता कॅशिअर म्हणाले, "इतका खर्च केलात, मग ही चालू का होत नाही?"

"रबर बदललंय हो," मी म्हणालो, "स्वभाव नाही."